नऊ दिवसांचं पॅकेज आणि गुडघ्याचे सहा आठवडे

पत्र, थोडक्यात: आई ६७ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, जिना चढणं बंद झालंय. आम्ही राहतो तिथे ऑपरेशनचा खर्च झेपणारा नाही. एका एजंटने परदेशातल्या हॉस्पिटलचं पॅकेज दिलंय, इथल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात. दोन्ही गुडघे एकाच वेळी, चार रात्री हॉस्पिटल, चार रात्री हॉटेल, त्यात एक दिवस शहरदर्शन आणि नवव्या दिवशी परतीचं सात तासांचं विमान. आईला मधुमेह आहे. तिला दोन दातांचे इम्प्लांटही बसवायचेत, तेही याच फेरीत उरकतील असं एजंट म्हणतो. पूर्ण रक्कम आठवड्याभरात आगाऊ भरायची आहे. जावं का?

उत्तर:

ताई, परदेशात जाऊन नी रिप्लेसमेंट करून घेणं ही मुळात वाईट कल्पना नाही. थायलंड, मलेशिया, तुर्कस्तान, भारत अशा देशांतली मोठी हॉस्पिटलं बाहेरून येणाऱ्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया नेहमी करतात. बिल कमी येतं ते पगार, जागा, विमा आणि कोर्टकज्जे यांचा बोजा तिथे कमी असतो म्हणून. बसवायचा कृत्रिम सांधा बहुतेकदा त्याच कंपन्यांचा असतो. तेव्हा कमी किमतीला घाबरू नका. घाबरायचं ते तुम्हाला दिलेल्या वेळापत्रकाला. नवव्या दिवशीचं विमान, दोन्ही गुडघे एकदम आणि त्यात दातांचं काम, या तीन गोष्टी बदलल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

आधी विमानाचं. गुडघा बदलताना हाडं कापली जातात, त्यामुळे रक्त गोठवणारी शरीराची यंत्रणा जोरात कामाला लागते. नंतर हालचाल कमी, पायाला सूज, शिरांतला प्रवाह मंद. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होण्यासाठी याहून पोषक परिस्थिती नाही. ही गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. हा धोका ऑपरेशनच्या दिवशी सुरू होतो आणि पुढे कित्येक आठवडे राहतो. म्हणूनच रक्त पातळ ठेवणारं औषध किमान १० ते १४ दिवस आणि बऱ्याचदा ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवतात. अशा पायाला नवव्या दिवशी सात तास अरुंद सीटमध्ये वाकवून बसवायचं म्हणजे धोक्यावर धोका. आणखी एक गोष्ट बघा. गुडघ्याचे टाके किंवा स्टेपल साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. म्हणजे हे पॅकेज संपतं तेव्हा टाके अजून जखमेतच असतात. ते कोण काढणार, जखम कोण बघणार, याचं उत्तर पॅकेजमध्ये नाही.

सात तासांच्या प्रवासासाठी सहा आठवडे धरून चाला. काही सर्जन लांबच्या विमानप्रवासाला तीन महिने थांबायला सांगतात. आईंना तपासून सर्जनने त्याआधी जाऊ द्यायचं ठरवलं तर तो त्यांचा अधिकार. पण परवानगी लेखी हवी आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या सहीची हवी. एजंटचं ‘सगळे जातात हो’ चालणार नाही.

सहा आठवडे म्हटल्यावर हिशेब बदलतो, आणि खरा हिशेब हाच आहे. दोन माणसांचं सहा आठवड्यांचं राहणं-जेवण, आठवड्यातून चार-पाच वेळा फिजिओथेरपी, सर्जनच्या दोन-तीन तपासण्या, एक्स-रे, औषधं, तारीख बदलता येणारी विमान तिकिटं आणि तुमची बिनपगारी रजा हे सगळं पॅकेजच्या रकमेत मिळवा. तिसरा हिस्सा मग तिसरा राहणार नाही. तरीही घरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडत असेल तर जरूर जा. फरक थोडाच उरत असेल तर घरीच करा, कारण पुढची काही वर्षं ज्या सर्जनने हात लावला तो जवळ असणं ही मोठी सोय आहे. राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली, लिफ्टची, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आतली जागा घ्या. बाथरूममध्ये घसरणार नाही अशी फरशी, धरायला दांडी आणि उंच कमोड आहे का ते फोटो मागवून बघा. बुटक्या कमोडवरून उठणं पहिल्या पंधरवड्यात फार जड जातं.

व्हिसाही याच हिशेबात येतो. ३० दिवसांच्या पर्यटक व्हिसावर सहा आठवडे बसत नाहीत, आणि काही देशांत पर्यटक व्हिसावर ठरवून केलेले उपचार चालतही नाहीत. मेडिकल व्हिसा आणि सोबत्याचा वेगळा व्हिसा असेल तर तोच काढा. तो वाढवून मिळतो का, किती दिवस आधी अर्ज करायचा, हे जाण्याआधी विचारून ठेवा. जखम बिघडली तर मुक्काम लांबणारच.

आता दोन्ही गुडघे एकदम. हे काही रुग्णांत करतात, आणि ठणठणीत, तुलनेने तरुण माणसात ते योग्यही ठरू शकतं. पण एकाच बैठकीत दोन गुडघे म्हणजे रक्त जास्त जातं, हृदयावर ताण जास्त येतो, गुठळीचा आणि फुफ्फुसाच्या गुंतागुंतीचा धोका वाढतो. ६७ वय आणि मधुमेह असताना हा निर्णय हृदयाची तपासणी, टू-डी एको, मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि भूलतज्ज्ञाचं मत घेऊनच व्हायला हवा. पॅकेजमध्ये तो आधीच होऊन बसलाय, कारण दोन गुडघ्यांची एक फेरी विकायला सोपी जाते. आमचं मत स्पष्ट आहे: जास्त दुखणारा एक गुडघा आधी. दुसऱ्याचा विचार निदान तीन महिन्यांनी. बऱ्याचदा एक पाय भक्कम झाल्यावर दुसऱ्यावरचा भार हलका होतो आणि तो काही काळ निभावून जातो. अर्थात दुसऱ्या गुडघ्यासाठी पुन्हा जावं लागण्याची शक्यता आहे. ती फेरीसुद्धा आजच हिशेबात धरा.

दातांचं उत्तर सोपं आहे: या फेरीत नकोच. जबड्याच्या हाडात इम्प्लांटचा स्क्रू मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि त्यानंतर त्यावर कायमचा दात चढतो. म्हणजे दोन भेटी आल्याच. त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. हिरड्यांतले जंतू रक्तात उतरून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. म्हणून किडलेले दात, पू धरलेली मुळं, सुजलेल्या हिरड्या यांचा निकाल गुडघ्याच्या आधीच घरी लावायचा आणि भरून यायला काही आठवडे द्यायचे. इम्प्लांटसारखं हौसेचं किंवा सोयीचं काम गुडघा स्थिरावल्यावर, तीन महिन्यांनंतर, दोन्ही डॉक्टरांना विचारून. पुढे कधी दातांसाठी बाहेर गेलातच तर इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास-लांबी आणि लॉट नंबर असलेलं कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. स्क्रू आणि तो फिरवायचा ड्रायव्हर कंपनीगणिक वेगळा असू शकतो. आतला स्क्रू सैल झाला की घरचा डेंटिस्ट हात टेकतो ते याचसाठी.

मधुमेहाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बेत बहुधा इथेच फसतो. साखर चढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि सांध्यात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. बहुतेक सर्जन एचबीए१सी ७.५ ते ८ च्या खाली असल्याशिवाय ठरवून केलेला सांधेबदल करत नाहीत. ही चाचणी तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणजे ती आठवड्यात खाली येत नाही. आजच करून घ्या. आकडा ९ आला तर तारीख दोन-तीन महिने पुढे ढकला आणि तोवर साखर आटोक्यात आणा. हिमोग्लोबिनही पाहा. कमी असेल तर कारण शोधून घरीच वाढवा, म्हणजे रक्त चढवायची वेळ टळेल. लघवीतलं इन्फेक्शन, पायाच्या बोटांमधलं चिघळलेलं चिखल्यासारखं दुखणं, टाचेची खोल भेग, नडगीवरचा ओरखडा या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण अशाच कारणांनी ऑपरेशन आदल्या दिवशी रद्द होतं. परदेशात जाऊन रद्द झालं तर पैसे किती परत मिळतात, हे हॉस्पिटलला आधी विचारा.

आणि आईंच्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञापर्यंत पोचली पाहिजे, कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहून. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी थांबवावी लागते. नाहीतर साखर जेमतेम वाढलेली दिसत असतानाही रक्तात आम्ल साठून रुग्ण गंभीर होऊ शकतो. सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन असेल तर जठर उशिरा रिकामं होतं, भूल देताना तेही माहीत हवं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रेडनिसोलोन, सांधेदुखीसाठी घेतलेली कुठलीही पुडी किंवा काढा, काहीही लपवू नका. कधी बंद करायचं, कधी सुरू करायचं, हे डॉक्टरच सांगतील. गुडघ्यात नुकतंच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. त्यानंतर साधारण तीन महिने सर्जन थांबतात.

हॉस्पिटल कसं पारखायचं? जॉइंट कमिशन इंटरनॅशनलचं, म्हणजे जेसीआयचं प्रमाणपत्र आहे असं माहितीपत्रकात लिहिलेलं असेल. ते प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतं असतं आणि त्या एका इमारतीतल्या संस्थेला मिळालेलं असतं. त्याच नावाच्या दुसऱ्या शाखेला ते लागू होत नाही, आणि सर्जनच्या हाताबद्दल तर ते काहीच सांगत नाही. जेसीआयच्या संकेतस्थळावर देशानुसार यादी आहे, तिथे शाखेचं नाव स्वतः शोधा. सर्जनची नोंदणी त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे तपासा. पण सगळ्यात जास्त कळतं ते सर्जनशी थेट व्हिडिओवर बोलल्यावर. पैसे भरण्याआधी वीस मिनिटं मिळत नसतील तर ते हॉस्पिटल सोडून द्या. बोलण्याआधी आईंचे उभं राहून काढलेले दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे मूळ डिजिटल फाइलच्या स्वरूपात पाठवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट खोटी मोठी दिसते आणि मोबाइलने काढलेल्या फोटोवरून तर काहीच ठरवता येत नाही.

त्या बोलण्यात विचारायचं ते असं. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का, की तुमच्या देखरेखीखाली दुसरं कोणी? वर्षाला किती गुडघे करता? तुमच्या रुग्णांत जंतुसंसर्ग किती जणांना होतो, पुन्हा ऑपरेशन किती जणांचं करावं लागतं? हॉस्पिटलच्या त्याच इमारतीत आयसीयू आणि रक्तपेढी आहे का? रात्री सांध्यांचा डॉक्टर हजर असतो की फोनवर? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. आकडे सांगतो, आणि आईंचं वय-आजार बघून ‘यांच्या बाबतीत मला या या गोष्टीची काळजी वाटते’ असंही सांगतो. आईंच्या मधुमेहाबद्दल स्वतःहून एकही प्रश्न न विचारणाऱ्या सर्जनकडे जाऊ नका.

शेवटी विचारा, सांधा कुठल्या कंपनीचा आणि कुठलं मॉडेल? कारण असं की काही देश बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद ठेवतात. स्वीडनमध्ये गुडघ्यांची नोंद १९७५ पासून आहे, ऑस्ट्रेलियात सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९९९ पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पासून. कुठल्या मॉडेलचे किती सांधे किती वर्षांनी बदलावे लागले, हे त्यांच्या वार्षिक अहवालांत सगळ्यांना बघता येतं. तुम्हाला सांगितलेलं मॉडेल तिथे दहा-पंधरा वर्षं टिकलेलं दिसलं तर उत्तम. ‘अगदी नवं, खास तंत्रज्ञानाचं’ म्हणून जास्त पैसे मागत असतील आणि कुठल्याच नोंदवहीत त्याचं नाव नसेल तर जुनंच बरं.

पैशांबद्दल. ‘आठवड्याभरात पूर्ण रक्कम’ ही अट ऐकूनच थांबायला हवं. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला अशी घाई नसते. एजंटला हॉस्पिटलकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण किती मिळतं आणि तो किती हॉस्पिटलांशी बांधलेला आहे हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. रक्कम हॉस्पिटलच्या खात्यात भरा, एजंटच्या नाही. जागा राखायला थोडा ॲडव्हान्स, बाकी दाखल होताना. एस्टिमेट हॉस्पिटलच्या लेटरहेडवर मागा. त्यात सर्जनचं नाव, सांध्याचं मॉडेल, खोलीचा प्रकार, किती रात्री, भूल, ऑपरेशन थिएटर, तपासण्या, औषधं आणि फिजिओ हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. मग जे लिहिलेलं नाही ते विचारा: आयसीयूचा एक दिवस कितीला, रक्ताची पिशवी कितीला, जास्तीची रात्र कितीला, जखम पुन्हा उघडावी लागली तर खर्च कोणाचा आणि किती दिवसांपर्यंत. या शेवटच्या ओळीवर हॉस्पिटल लेखी काय देतं ते नीट वाचा. कार्डने भरणार असाल तर मशीन ‘तुमच्या चलनात भरू का’ असं विचारेल. तिथे त्या देशाचंच चलन निवडा, नाहीतर दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो. कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या.

नेहमीचा प्रवास विमा ठरवून घेतलेल्या उपचारांना आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीला चालत नाही. पॉलिसीत हे वगळलेलं असतं. वैद्यकीय प्रवासासाठीची वेगळी पॉलिसी मिळाली तर घ्या, आणि तीत गुंतागुंतीचा उपचार, वाढलेला मुक्काम आणि रुग्णाला परत आणण्याचा खर्च आहे का बघा. ती मिळो न मिळो, पॅकेजच्या निम्म्याइतकी रक्कम हात न लावता बाजूला ठेवा. तेवढी शक्य नसेल तर आत्ता जाऊ नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. पैसे संपले म्हणून आयसीयूतून लवकर हलवावं लागणं ही वेळ कोणावर येऊ नये. भांडण झालंच तर खटला बहुधा त्या देशातल्या कोर्टात आणि त्यांच्या कायद्याने चालतो, म्हणून संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत दोन-तीन दिवस आधी मागवून वाचा. दुभाषा हॉस्पिटलचा हवा, एजंटचा माणूस नको.

निघण्याच्या आधीच घरचा ऑर्थोपेडिक सर्जन गाठा. त्यांना सरळ सांगा की ऑपरेशन बाहेर करतोय, परतल्यावर तुम्ही बघाल का? बरेच सर्जन दुसऱ्याने केलेल्या सांध्याची जबाबदारी घ्यायला कचरतात. नकार आता मिळाला तर दुसरे शोधता येतात. पू झाल्यावर मिळाला तर फिरत बसावं लागतं. फिजिओथेरपिस्टही आधीच ठरवा. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आता सुरू करा. नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, वेळ कमी असेल तर डॉक्टर लवकरचं वेळापत्रक देतात.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघायचे. आईंना गुडघ्याखाली उशी ठेवावीशी वाटेल, कारण वाकलेला गुडघा कमी दुखतो. तिथेच ठाम राहा. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला की नंतर सरळ होत नाही आणि चाल कायमची लंगडी होते. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा खाली अधांतरी राहील आणि स्वतःच्या वजनाने सरळ होईल. दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं. व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी आणि नंतर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ. दोन आठवड्यांत गुडघा साधारण ९० अंशांपर्यंत, काटकोनात, वाकायला हवा आणि सहा आठवड्यांत ११० च्या आसपास. पिछाडीवर असाल तर तिथेच सर्जनला दाखवा. फार आखडला तर भूल देऊन वाकवावा लागतो, आणि तेही वेळेत केलं तरच फायदा होतो. शहरदर्शनाचा दिवस सोडून द्या. तो वेळ याच कामाला लागेल.

जखमेतून पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पाणी झिरपत असेल तर ड्रेसिंग बदलत बसू नका, सर्जनला दाखवाच. आणि हे नीट लक्षात ठेवा: सांध्यात जंतुसंसर्गाची शंका असताना कोणी नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या तर घेण्याआधी विचारा, ‘आधी सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवणार का?’ गोळ्या आधी पडल्या की जंतू तपासणीत उगवत नाहीत, पण आत जिवंत राहतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पकडलं तर सांधा आतून धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून भागू शकतं. उशीर झाला की जंतू धातूवर चिकट थर धरतात. मग अख्खा सांधा काढायचा, काही आठवडे तात्पुरता ठोकळा ठेवायचा आणि पुन्हा नवा बसवायचा, हाच मार्ग उरतो.

घरी परतल्यावर दोन-तीन महिन्यांनीसुद्धा जखमेजवळ गाठ, न भरणारं भोक किंवा झिरपणं दिसलं तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की शस्त्रक्रिया परदेशात झाली आहे. क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले काही जंतू असे उशिरा डोकं वर काढतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, दिसत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी तपासणी सांगावी लागते. गुडघ्याला बहुधा पाठीतून भूल देतात, म्हणून हेही माहीत असू द्या: २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात पाठीतून भूल देऊन शस्त्रक्रिया झालेल्या परदेशी रुग्णांना बुरशीमुळे मेंदूज्वर झाला आणि त्यात मृत्यूही झाले. अशी गोष्ट विरळ घडते, पण परतल्यावर काही आठवड्यांत वाढत जाणारी डोकेदुखी, ताप, मान आखडणं किंवा उजेड सहन न होणं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वर्षभरात कुठे दाखल व्हावं लागलं तर ‘परदेशातल्या हॉस्पिटलात राहिले होते’ हे सांगा. स्वॅब घेऊन वेगळ्या खोलीत ठेवतील, कारण औषधांना न जुमानणारे जंतू देशोदेशी असेच पसरतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कागदपत्रांत एक छोटी गोष्ट सर्वांत जास्त हरवते. सांध्याचा प्रत्येक भाग वेगळ्या खोक्यातून निघतो: मांडीच्या हाडावरचा, नडगीवरचा, मधलं प्लास्टिक, वाटीची चकती असेल तर ती, आणि सिमेंट. प्रत्येक खोक्यात लहान स्टिकर असतात. त्यांवर रेफ नंबर (कंपनीने त्या भागाला दिलेला क्रमांक), लॉट नंबर आणि साइज छापलेला असतो. एक संच हॉस्पिटलच्या फाइलमध्ये चिकटवतात. दुसरा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच मागून घ्या, शेवटच्या दिवशीच्या धावपळीत कोणाला सापडत नाही. पंधरा-वीस वर्षांनी मधलं प्लास्टिक झिजलं तर जोडीचा भाग शोधायला हेच आकडे लागतात. त्याशिवाय डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची सविस्तर नोंद, भुलेची नोंद, सगळ्या तपासण्या आणि ऑपरेशननंतरचा एक्स-रे पेनड्राइव्हवर घ्या, औषधं मूळ नावांनी लिहून घ्या.

परतीच्या प्रवासासाठी व्हीलचेअर निदान ४८ तास आधी नोंदवा आणि एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म लागतो का विचारा. रांगेच्या कडेची सीट, शस्त्रक्रियेच्या पायाकडची बाजू मोकळी राहील अशी. सर्जनने सांगितलेल्या मापाचे दाबमोजे, दर अर्ध्या तासाला पावलं वरखाली, तासाला एक फेरी, पुरेसं पाणी. गुठळी टाळणारं इंजेक्शन चालू असेल तर ते डॉक्टरच्या पत्रासह हातातल्या बॅगेत. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली गोळी दिली असेल तर घरच्या आणि मध्ये विमान बदलाल त्या देशाचे नियम बघा. काही देशांत ती परवानगीपत्राशिवाय नेणं गुन्हा आहे. पोटरीत एकाच बाजूला दुखरी सूज, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर विमानात बसूच नका, तडक इमर्जन्सीत जा.

तेव्हा एजंटला आज एवढंच लिहा: एक गुडघा, दात नाहीत, परतीचं तिकीट सहा आठवड्यांनंतरचं, पैसे थेट हॉस्पिटलला, आणि त्याआधी सर्जनशी व्हिडिओवर बोलणं. तो तयार झाला नाही तर त्याच हॉस्पिटलच्या परदेशी रुग्णांच्या विभागाला स्वतः ईमेल करा. मोठ्या हॉस्पिटलांत असा विभाग असतो आणि एजंटशिवाय एस्टिमेट देतो. दोन-तीन वेगवेगळ्या हॉस्पिटलांची मागवा.

या तयारीला दोन महिने तरी लागतील, आणि ते आईंच्या उपयोगाचे आहेत. मांडीचे स्नायू जेवढे भक्कम करून जाल तेवढ्या त्या लवकर उठतील. झोपून गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा, पाच आकडे धरायचा, खाली ठेवायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, दोन्ही पायांनी. काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायला सांगा, बहुतेक जण ती नेमकी चुकीच्या हातात धरतात. जिना चढावाच लागला तर आधी बरा पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली, आणि एक हात कठड्यावर.